मत बदलले, आता आधी कोणाला सांगू?

वाचकाचे पत्र

आदरणीय बाई, सलाम.

मी एकोणसाठ वर्षांचा असून सी.एन.आय.च्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे उत्तर भारतीय मंडळीच्या) आमच्या मंडळीत पंधरा वर्षे पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर आहे. बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुण भगिनी डीकन म्हणून, म्हणजे पाळकाच्या आधीच्या पायरीवर, नेमली गेली. तेव्हा 'आमच्या मंडळीस स्त्री पाळक नको' असे निवेदन बिशपांकडे पाठवणाऱ्या सतरा जणांत माझी सही दुसरी होती आणि मसुदाही माझ्याच हातचा होता. ती होती तेवढे दिवस प्रभुभोजनात मी पाळकसाहेबांच्या हातून भाकर घेत असे, पण ती पेला घेऊन समोर आली की हात जोडून मान खाली घालीत असे. वर्ष पुरे होण्याआधी तिची बदली झाली. आज ती दुसऱ्या गावी दीक्षित पाळक आहे.

गेल्या वर्षी बायबल अभ्यासाच्या वर्गात रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आणि तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र मला शिकवावे लागले. तयारी करता करता माझे मत बदलले. अडचण अशी की, माझ्या धाकट्या मुलीला पाळकीय शिक्षणासाठी सेमिनरीत जायचे आहे आणि त्यासाठी मंडळीची शिफारस लागते. आता मी बोललो तर पोरीसाठी फिरला, असे लोक म्हणणार. ज्यांची सही पहिली होती ते माझे तीस वर्षांचे मित्र. त्यांच्यापाशी नुसता विषय काढला तर म्हणाले, "तू मला एकटा पाडलास." वार्षिक सभेत उठून सांगू का? की एखाद्या रविवारी न कळवता त्या भगिनीच्या मंडळीत जाऊन तिच्या हातून पेला घेऊ? की मीच काळाबरोबर वाहून गेलो आहे? तिला पत्र लिहायचे ठरवले तर मायना काय लिहू, हेही सुचत नाही. त्या वेळी मी तिला 'अगं' म्हणत असे.

एक कमिटी सभासद

उत्तर

प्रिय बंधू, सलाम.

निवेदनाचा मसुदा तुमच्याच हातचा होता, हे तुम्ही सहज गाळू शकला असता आणि मला ते कधी कळलेही नसते. तुम्ही ते लिहिले, म्हणून या उत्तराला नेहमीपेक्षा अधिक जागा घेत आहे.

आधी माझी बाजू सांगते, कारण या विषयात मी तटस्थ नाही. माझे यजमान एकतीस वर्षे पाळक होते आणि तितकीच वर्षे मी पाळकीण होते. मास्तरीण किंवा डॉक्टरीण म्हटले की आज शिकवणारी किंवा औषध देणारी बाई डोळ्यांसमोर येते, पण पाळकीण या शब्दाचा अर्थ अजून पाळकांची बायको एवढाच राहिला आहे. दीक्षा घेतलेल्या स्त्रीला आपण 'मॅडम' म्हणून वेळ मारून नेतो. शनिवारी रात्री ब्रेडच्या कडा कापून त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, काळ्या मनुका उकळून, कुस्करून मलमलीच्या फडक्यातून रस गाळायचा, पहाटे पांढऱ्या चादरीला इस्त्री करून ती मेजावर अंथरायची, ही कामे पाळकिणीची, म्हणजे माझी होती. याखेरीज स्त्रियांची सभा, आजाऱ्यांच्या भेटी, आणि यजमान धर्मप्रांताच्या बैठकीला गेले असले की दाराशी आलेल्या माणसाचे रडणे ऐकून घेणे. आमच्या भागात सेमिनरी पूर्ण केलेली पहिली मुलगी उमेदवारीवर आली, तेव्हा तिचे सर्वांत थंड स्वागत मी केले. कोणी विचारले तर स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, हे तीमथ्याच्या पत्रातले वचन म्हणून दाखवीत असे. खरे कारण निराळे होते. जे मी इतकी वर्षे पदवीवाचून आणि पगारावाचून केले, त्यासाठी हिला पदवी, पगार आणि राहायला बंगला कशाला, असे माझ्या मनात होते. ते वचनाच्या आड लपवणे सोपे होते, कारण वचन म्हणणाऱ्याला पुढे कोणी काही विचारत नाही.

एका शनिवारी ती मुलगी आपण होऊन स्वयंपाकघरात आली, दुसरी सुरी घेतली आणि माझ्याबरोबर कडा कापू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, हे तुकडे आपण दोघींनी केले. उद्या वाटताना मात्र आपण दोघी बाकावर." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, डाळीत मीठ कमी आहे असे सांगावे तसे तिने ते सांगितले. मी काही उत्तर दिले नाही, आणि त्या रात्री माझे मत बदलले असेही नाही. पण पुढचे कित्येक शनिवार ते वाक्य माझ्या हाताखालून सरकेना. मत बदलायला मला चार वर्षे लागली. तुमचे एका वर्गाच्या तयारीत बदलले असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा बरे विद्यार्थी आहात, किंवा ते आधीपासूनच सैल झाले होते आणि वर्ग हे निमित्त ठरले. तुमच्या विरोधामागे त्या वेळी नेमके काय होते, ते तुम्ही लिहिलेले नाही. ते मला कळवू नका, पण स्वतःपाशी शोधा, कारण अर्थ पटल्याने बदललेले मत आणि मनातली अढी गेल्याने बदललेले मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्हाला पुढे कोणाची क्षमा कशाबद्दल मागायची आहे, ते त्यावरून ठरेल.

काळाबरोबर वाहून गेलो का, ही काळजी मात्र मला फारशी खरी वाटत नाही. विरोधही त्या त्या काळातलाच असतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात गेल्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकवल्याचे कळले तर हिंदुस्थानात बाईंचे वजन राहणार नाही, अशी भीती त्यामागे होती. रमाबाईंनी उलट लिहिले की, माझ्या आईने किंवा मी तरुण पुरुषांना शिकवण्यास माझ्या वडिलांनी वा माझ्या पतीने कधी हरकत घेतली नाही आणि काही इंग्रज लोक ती घेत आहेत, याचे मला फार आश्चर्य वाटते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवल्याबद्दल स्वतःच्या लोकांचा रोष पत्करला होता, आणि त्यांच्या लेकीला बाईमाणसाची मर्यादा शिकवायला ख्रिस्ती बिशप पुढे आले. हीच बाई पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली, सारे शास्त्र, म्हणजे बायबल, तिने सोप्या मराठीत आणले आणि ते काम हातावेगळे करून १९२२ मध्ये प्रभूकडे गेली. स्त्रीला शिकवण्याची परवानगी नाही, हे वचनही त्यात आलेच. ते मराठीत उतरवताना लेखणी क्षणभर थांबली असेल का, असे माझ्या मनात पुष्कळदा येते.

किंवा हाँगकाँगशेजारच्या मकावचे उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात हाँगकाँग जपान्यांच्या ताब्यात गेले आणि तिथले पाळक मकावला पोहोचू शकेनात. तिथली मंडळी फ्लॉरेन्स ली टिम-ओई ही डीकन असलेली स्त्री सांभाळत होती, आणि प्रभुभोजन द्यायला दीक्षित पाळक कोणी नव्हता. बिशप रोनाल्ड हॉल यांनी २५ जानेवारी १९४४ रोजी चीनच्या भूमीवर तिला पाळकीय दीक्षा दिली. अँग्लिकन परंपरेतली ती पहिली स्त्री पाळक. युद्ध संपल्यावर इतकी ओरड झाली की १९४६ मध्ये तिने काम करण्याचा परवाना परत केला, दीक्षा मात्र सोडली नाही. ती दीक्षा फॅशन म्हणून दिलेली नव्हती. मंडळी उपाशी होती आणि वाढणारी एकच होती. शिवाय काळाचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो, हेही खरे नाही. ऑस्ट्रेलियातील प्रेस्बिटेरियन मंडळीने १९७४ मध्ये स्त्रियांना दीक्षेची मुभा दिली आणि १९९१ मध्ये ती काढून घेतली. लाटव्हियाच्या लुथरन मंडळीत १९७५ पासून मिळणारी दीक्षा १९९३ नंतर थांबली आणि २०१६ मध्ये सिनॉडने, म्हणजे त्या मंडळीच्या मुख्य सभेने, ती नियमातूनच बाद केली. तिकडच्या माणसांनीही मत बदललेच की. तेव्हा तुमचे मत बरोबर की चूक हे ते नवे आहे यावरून ठरणार नाही, आणि जुने मत जुने होते म्हणून चुकीचे होते, असेही तुम्ही मित्रांना सांगू नका.

आता वचनांकडे येऊ. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपल्याकडे सलामांची यादी म्हणून सोडून दिला जातो. त्या यादीतले पहिले नाव किंख्रिया येथील फीबीचे आहे. तिला आपले मराठी शास्त्र 'सेविका' म्हणते आणि सेविका म्हटले की आपल्याला खुर्च्या मांडणारी, चहाचे कप गोळा करणारी भगिनी दिसते. मूळ ग्रीक शब्द 'डायाकोनोस' आहे. करिंथकरांस लिहिताना, ही पत्रे लिहिणारा पौल तोच शब्द स्वतःसाठी आणि अपुल्लोस या सहकाऱ्यासाठी वापरतो आणि आपला 'डीकन' त्यावरूनच आला. बारा वर्षांपूर्वी पेला घेऊन तुमच्यासमोर उभी राहिलेली भगिनी फीबीच्याच पदावर होती, हे वर्गाची तयारी करताना तुमच्या लक्षात आले असणार. पत्रात तुम्ही ते लिहिले नाही, पण बहुधा तिथेच तुम्ही अडखळला असाल. पुढे सातव्या वचनात अंद्रोनीक आणि युनिया येतात. चौथ्या शतकातला धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम हा काही स्त्रियांचा कैवारी म्हणून ओळखला जात नाही, तरी युनिया ही स्त्री होती असे धरूनच त्याने तिची वाखाणणी केली आहे. ग्रीक नव्या कराराच्या विद्वन्मान्य आवृत्तीत १९२७ पासून स्वराघाताची एक खूण बदलून हे नाव पुरुषाचे केले गेले आणि १९९८ मध्ये ते पुन्हा स्त्रीचे झाले. सत्तर वर्षे एक बाई छापखान्यात पुरुष होऊन राहिली. आता 'प्रेषितांमध्ये नामांकित' याचा अर्थ ती स्वतः प्रेषित होती असा की प्रेषितांना ती चांगली ठाऊक होती असा, यावर अजून वाद आहे. तुमचे मित्र तो काढतील, आणि काढला तर मुद्दा रास्त आहे हे कबूल करा.

तीमथ्याच्या पहिल्या पत्रातले दुसऱ्या अध्यायाचे बारावे वचन फाडून टाकायचे नाही, ते नीट वाचायचे. 'अधिकार चालवणे' यासाठी तिथे आलेले ग्रीक क्रियापद साऱ्या नव्या करारात दुसरीकडे कुठेही नाही. साधा अधिकार अभिप्रेत आहे की दुसऱ्यावर केलेली कुरघोडी, हे ताडून पाहायला पौलाचे दुसरे वाक्य हाती नाही. पत्र इफिस येथे खोट्या शिक्षणाचा बंदोबस्त करायला ठेवलेल्या तीमथ्याला आहे, हे पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. आणि बाराव्या वचनाच्या तीनच वचने वर केस गुंफणे, सोने, मोती यांनाही मनाई आहे. आपल्याकडच्या लग्नात मंगळसूत्र, पाटल्या आणि भरगच्च अंबाडा पाहून कोणी बिशपांकडे निवेदन पाठवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्री प्रार्थना करते आणि संदेश देते, हे पौलाला मान्यच आहे, फक्त तिचे डोके झाकलेले असावे एवढीच त्याची अट. तीनच अध्याय पुढे तिने मंडळीत गप्प राहावे असे तो म्हणतो. या दोहोंचा मेळ घालण्याची जबाबदारी दोन्ही पक्षांवर आहे. माझे वाचन असे की, पौल एका गावच्या एका गोंधळावर बोलत होता आणि जिथे गोंधळ नव्हता तिथे त्याने फीबी, युनिया आणि प्रिस्क या स्त्रियांबरोबर बिनदिक्कत काम केले. दुसरे वाचन करणारी माणसे अडाणी किंवा दुष्ट नसतात. मी त्यांच्यात होते, तुम्हीही होता.

तुम्ही वसईचे कॅथलिक असता तर माझे उत्तर वेगळे झाले असते. तिथे स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला मुळीच नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये जाहीर केले आहे आणि ती शिकवण कायम आहे. तिथल्या माणसाचे मत बदलले तर त्याचा पेच साऱ्या चर्चच्या शिकवणुकीशी असतो. तुमचे तसे नाही. नागपुरात १९७० मध्ये सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन सी.एन.आय. झाली आणि स्त्रियांच्या दीक्षेला तिने मान्यता दिल्याला तुमचे निवेदन लिहिले गेले तेव्हाही बरीच वर्षे उलटली होती. तुम्ही निवेदन लिहीत होता त्याच सुमारास, २०१३ मध्ये, दक्षिण भारतीय मंडळीत नंद्यालच्या बिशपपदी पुष्पललिता बसल्या. म्हणजे तुम्ही सतरा जण जुन्या शिकवणुकीचे रक्षण करीत नव्हता. तुमच्याच मंडळीने विचारपूर्वक घेतलेला निर्णय आपल्या दारात येऊ नये एवढीच तुमची खटपट होती, आणि तिचा सारा भार एका तरुण मुलीवर पडला.

मत बदलल्यावर ते सांगावे कसे, याचा उत्तम नमुना प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. यहुद्याने ज्यांच्या घरी जेवू नये असे मानत, त्या परराष्ट्रीयांपैकी कर्नेल्याच्या घरी प्रेषित पेत्र जाऊन जेवला आणि यरुशलेमेत त्याच्यावर ठपका आला, तेव्हा त्याने वाद घातला नाही. यापोत दिसलेल्या दृष्टान्तापासून काय काय घडले ते त्याने क्रमाने सांगितले, आपण आधी तीनदा नाही म्हटले होते हेही लपवले नाही. तुम्हीही तसेच क्रमाने सांगा: निवेदन, पेला, वर्ग, फीबी आणि मुलगी. मुलीला वगळू नका. पोरीसाठी फिरला असे लोक म्हणतील आणि त्यात थोडे तथ्य असेल, कारण स्वतःची मुलगी समोर नसती तर तुम्ही तो अध्याय इतक्या बारकाईने वाचला असता की नाही, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. ते कबूल करायला लाजू नका. ज्या कारणाने माणूस पुस्तक उघडतो ते कारण कसेही असो, पानावर काय लिहिले आहे ते त्याने बदलत नाही.

याच पेत्राची पुढची गोष्टही विसरू नका. अंत्युखियात तो परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, पण यरुशलेमेहून याकोबाकडची यहुदी माणसे आली तसा हळूच मेजावरून उठला, आणि सोबतचा बर्णबाही त्याच्या पाठोपाठ गेला. मत तेच होते, फक्त ओळखीची माणसे दारात उभी राहिली. तुमच्यावर ती वेळ सभेत येणार नाही. ती मित्रांच्या ओसरीवर, चहाच्या वेळी येईल, 'जाऊ दे, तुझे म्हणणे मला कळते, पण कशाला बोलतोस' अशा मऊ शब्दांत.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कोणाला आधी सांगावे. आधी त्या भगिनीला. तिच्या मंडळीत न कळवता जाऊन पेला घेण्याची कल्पना तुम्हाला सुंदर वाटते, आणि तुमच्यापुरती ती सुंदर आहेही; पण तिचा विचार करा. उपासना चालू आहे, हातात पेला आहे, तिची मंडळी गुडघे टेकून वाट पाहते आहे आणि समोर अचानक तुम्ही. तुम्हाला पाहून तिला काय वाटेल ते वाटो, पेला तर तिला द्यावाच लागेल. नकार देण्याची, निदान क्षणभर थांबण्याची सोय जिच्यापाशी नाही, तिच्याकडून क्षमा वसूल करू नये. पत्र लिहा. त्यात दोनच गोष्टी स्पष्ट लिहा: मसुदा माझा होता, आणि मी तुमच्या हातचा पेला नाकारीत असे. 'काही गैरसमज झाले असतील तर' असली भाषा नको. पहिल्या पत्रात मुलीचा उल्लेख नको, सल्ला किंवा शिफारस मागणे तर मुळीच नको, नाहीतर बारा वर्षांनी आलेले पत्र कामापुरते आले असे तिला वाटेल. उत्तराची अपेक्षाही लिहू नका. तिने उत्तर दिले नाही तर ते तिचे उत्तर समजा आणि दुसरे पत्र पाठवू नका.

त्यानंतर मित्र. त्यांना एकटे पाडलेत, हे त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि त्यावर युक्तिवाद चालणार नाही. तुम्ही त्यांचे मत बदलायला जाऊ नका. सभेआधी घरी जाऊन मी काय बोलणार आहे एवढे शब्दशः सांगा, म्हणजे चारचौघांत त्यांना धक्का बसणार नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये ११ नोव्हेंबर १९९२ रोजी स्त्रियांच्या दीक्षेचा ठराव मताला आला, तेव्हा सामान्य सभासदांच्या सभागृहात १६९ विरुद्ध ८२ मते पडली. दोन तृतीयांशांची अट होती आणि दोघांनी बाजू बदलली असती तर ठराव पडला असता. वीस वर्षांनी स्त्री बिशपांचा ठराव त्याच सभागृहात १३२ विरुद्ध ७४ असा, सहा मतांनी पडला. मग २०१४ च्या जुलैमध्ये, बहुतेक सभासद तेच असताना, तो १५२ विरुद्ध ४५ मतांनी मंजूर झाला. मधल्या दीड-पावणेदोन वर्षांत विरोधकांना समोर बसवून बोलणी झाली, ज्यांना पटत नाही त्यांनाही चर्चमध्ये जागा राहील अशी व्यवस्था लिहून दिली गेली, आणि मग पुष्कळांचा विरोध मावळला. त्याच चर्चने ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचे नाव जाहीर केले. आकडे देण्याचे कारण एवढेच की, तुमच्या मित्रांना मंडळीत मानाची जागा राहणार आहे हे त्यांना तुमच्या वागण्यातून दिसले पाहिजे. ते तुमच्या मुलीच्या हातचा पेला कधी घेणार नाहीत, असे समजून चला. तरी रविवारी त्यांच्या शेजारीच बसा.

सभेत बोला, पण मुलीची शिफारस चर्चेला येण्याआधी, आणि पाच मिनिटांपेक्षा अधिक नको. ज्या दिवशी कमिटीपुढे तिचा अर्ज येईल त्या दिवशी तुम्ही उठून बाहेर जा, आणि सभासद या विषयापुरते बाहेर गेले अशी नोंद इतिवृत्तात करायला लावा. बाहेर गेलात तर दाराशी उभे राहू नका. आणखी एक: जुने निवेदन फाइलमध्ये असेल तर ते काढून टाकण्याची विनंती कोणी, अगदी तुमच्या भल्यासाठी, केली तरी मानू नका. पुढे कधी तुमच्या मुलीसारखीच कोणी मुलगी त्या मंडळीत नेमली जाईल, तेव्हा तिच्याआधी तिथे काय घडले होते ते तिला कागदावर सापडले पाहिजे.

मुलीविषयी थोडेच लिहिते, कारण ती मला भेटलेली नाही. तिला निवेदनाची हकीकत तुम्ही सांगितली आहे का? नसेल, तर सभेत तिला ती पहिल्यांदा ऐकू येऊ देऊ नका. ती कदाचित रागावेल. पाळकीय सेवेत बदल्या असतात, पगार तुटपुंजा असतो, आणि पाळकाच्या बायकोला जसे 'पाळकीणबाई' हे आयते नाव आणि काम मिळते तसे स्त्री पाळकाच्या नवऱ्याला काही मिळत नाही, त्यामुळे स्थळे बघताना तुमच्या घरी चर्चा होतील. ही माहिती तिला असू द्या, धाक म्हणून घालू नका.

राहिला मायना. ती वयाने लहान होती म्हणून तुम्ही 'अगं' म्हणत होता, असे तुम्हाला वाटते. त्याच वयाच्या पुरुष डीकनला तुम्ही काय म्हणत होता, ते आठवून पाहा. 'आदरणीय रेव्हरंड' असे लिहा, पुढे तिचे पूर्ण नाव, खाली 'सलाम', आणि सबंध पत्रात 'आपण'. पुढे कधी तिने स्वतः 'मला अगं म्हणा' असे सांगितले तर तो अधिकार तिचा. आणि शेवटी, निवेदनावर केली होती तशी पूर्ण नावानिशी सही करा. मला लिहिलेत तसे 'एक कमिटी सभासद' तिथे चालणार नाही.